सेकंड हँड डिझेल डस्टर घेताय? गाडी स्वस्त झाली, पण दुरुस्ती किती महाग?

दहा वर्षं जुनी डिझेल डस्टर आज अवस्थेनुसार साधारण तीन ते पाच लाखांत मिळते. नवी असताना याच गाडीच्या वरच्या मॉडेलला ११ लाखांहून जास्त पैसे मोजावे लागायचे. उंच बसणं, मोठी डिकी, खड्ड्यांतून निवांत जाणारं सस्पेन्शन आणि डिझेलचं मायलेज. पहिल्यांदाच एसयूव्ही घेणाऱ्या कुटुंबाला हा सौदा फायद्याचा वाटला तर नवल नाही.

पण एक गोष्ट हिशोबातून सुटते. जुन्या गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. तीन लाखांच्या गाडीला लागणारा टर्बो ११ लाखांच्या गाडीच्याच भावाने येतो.

रेनोने डस्टर भारतात २०१२ मध्ये आणली. तिचं १.५ लिटरचं डिझेल इंजिन ८५ पीएस आणि ११० पीएस अशा दोन प्रकारांत मिळायचं. २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि कंपनीने डिझेल डस्टर बंद केली. त्यामुळे या गाडीत नेमकं काय खराब होतं आणि त्याला किती खर्च येतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

(खालचे आकडे बाहेरच्या गॅरेजमधले, मजुरीसह आणि अंदाजे आहेत. शहर आणि पार्टचा ब्रँड यांनुसार ते कमी-जास्त होतात.)

१. टायमिंग बेल्ट: छोटा खर्च, मोठा धोका

इंजिनात पिस्टन वर-खाली होत असताना व्हॉल्व्ह ठरावीक क्षणी उघडावे आणि बंद व्हावे लागतात. या दोघांचा ताळमेळ टायमिंग बेल्ट राखतो. काही गाड्यांत या कामाला लोखंडी चेन असते. डस्टरच्या डिझेल इंजिनात रबरी बेल्ट आहे.

हा बेल्ट धावत्या गाडीत तुटला तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. मग इंजिन उघडण्यावाचून पर्याय राहत नाही आणि बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. बेल्ट तुटण्याआधी आवाज किंवा दिवा अशी सूचना मिळेलच, याचीही खात्री नसते.

बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलण्याचा खर्च मात्र १० ते १५ हजार रुपये आहे. मॅन्युअलमध्ये त्यासाठी किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्ही मर्यादा असते. जी आधी पूर्ण होईल ती धरायची, कारण गाडी उभी असली तरी रबर जुनं होतच राहतं. "गाडी फार चाललेलीच नाही" हे विक्रेत्याचं वाक्य इथे उपयोगाचं नाही. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदललेला नाही असंच समजावं.

२. क्लच

शहरातल्या ट्रॅफिकमध्ये चाललेल्या गाडीचा क्लच लवकर झिजतो. पेडल जड होणं, गिअर अडकणं, चढावर इंजिनचा आवाज वाढूनही वेग न वाढणं, ही त्याची लक्षणं. क्लच प्लेटपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मजुरी जास्त. एकूण खर्च १८ ते ३० हजार. गिअरबॉक्स खाली आहेच, तर क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडरही तपासून घ्यावा. नंतर तो गळला तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

३. टर्बो आणि इंजेक्टर

टर्बो मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तगतो. ऑइल वेळेवर बदललं नाही, तर त्याचा फटका टर्बोलाही बसतो. निळसर धूर आणि शिट्टीसारखा वाढता आवाज या धोक्याच्या खुणा. नव्या टर्बोला ३५ ते ७० हजार लागतात.

इंजेक्टर खराब झाले की गाडी सकाळी उशिरा सुरू होते, आयडलला थरथरते, काळा धूर सोडते. एक नवा इंजेक्टर १२ ते २० हजारांना पडतो आणि गाडीत ते चार असतात. मात्र काळा धूर ईजीआर व्हॉल्व्हमध्ये साचलेल्या काजळीमुळेही येऊ शकतो. ती साफ करण्याचं काम बरंच स्वस्त आहे. त्यामुळे स्कॅनरने निदान केल्याशिवाय इंजेक्टर बदलायला होकार देऊ नये.

४. सस्पेन्शन आणि टायर

डस्टरचं सस्पेन्शन दणकट असलं तरी बुश, लिंक रॉड, लोअर आर्म आणि शॉकअॅब्सॉर्बर झिजतातच. स्पीडब्रेकरवर खडखड ऐकू आली की १५ ते ३० हजारांची तयारी ठेवावी. चार नव्या टायरना २५ ते ३५ हजार लागतात.

मग खरी किंमत किती?

बेल्ट, क्लच, सस्पेन्शन आणि टायर ही चारही कामं निघाली, तर बेरीज साधारण ७० हजार ते १ लाख १० हजार होते. यात टर्बो आणि इंजेक्टर धरलेले नाहीत. म्हणजे साडेतीन लाखांची गाडी प्रत्यक्षात साडेचार लाखांना पडू शकते. बजेट चार लाखांचं असेल, तर गाडी तीन लाखांच्या आसपासचीच शोधावी.

नोंदणीचं वर्षही बघावं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती नव्याने करावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो.

दिलाशाची बाब म्हणजे, हेच डिझेल इंजिन थोड्याफार फरकाने निसान टेरानो, रेनो लॉजी आणि महिंद्रा व्हेरिटोमध्येही होतं. त्यामुळे ते ओळखणारे मेकॅनिक सापडतात.

पैसे देण्याआधी हे तपासा

• इंजिन पूर्ण थंड असताना गाडी स्वतः सुरू करून पाहा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी बरंच काही लपवते.
• सर्व्हिसची बिलं मागा. त्यांवरचे किलोमीटर मीटरशी जुळतात का, ते बघा.
• चढावर आणि खराब रस्त्यावर चालवून बघा.
• आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅन करून घ्या. त्याला दिलेले हजार-दोन हजार रुपये वाया जात नाहीत.
• निघालेल्या कामांची यादी समोर ठेवून भाव करा.

आणि गाडी घरी आली की म्युझिक सिस्टीम आणि सीट कव्हरच्या आधी टायमिंग बेल्टचं काम उरकून घ्या.