उभ्या गाडीची बॅटरी कशी सांभाळायची

भाकरी थापत असाल, गोठ्यात असाल, नाहीतर भाजी निवडत बसला असाल, हात चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज पापड-लोणच्याचं बोलायचं नाही आणि कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज बोलायचं आहे दारात उभ्या असलेल्या गाडीबद्दल.

आता अशा गाड्या गावोगाव दिसतात. मुलगा पुण्या-मुंबईला असतो आणि गाडी इथं झाकून ठेवलेली असते. किंवा आमच्यासारखी गटाची गाडी असते. आम्ही कर्ज काढून एक जुनी छोटी गाडी घेतली. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत मसाल्याच्या ऑर्डरी पोचवायला ती रोज पळते. पाऊस लागला की ताडपत्रीखाली उभी.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात तालुक्याला प्रदर्शन होतं. पहाटे साडेपाचला माल भरला. गाडी चालवणाऱ्या आमच्या वहिनींनी किल्ली फिरवली, तर नुसतं टक् टक्. तीन आठवडे गाडी जागची हलली नव्हती. शेवटी वडापनं गेलो, पोचेपर्यंत पुढच्या रांगेतली जागा गेली आणि निम्मा माल परत आला. दुकानदार म्हणाला, ‘‘बॅटरी गेली, नवी टाका.’’ गटाचे चार हजारांवर रुपये गेले. महिन्याच्या बैठकीत सगळ्यांचं बोट वहिनींकडे. ‘‘तुम्हीच दिवा चालू ठेवला असणार.’’ वहिनी काही बोलल्या नाहीत. गाडीची किल्ली सतरंजीवर ठेवून घरी गेल्या. लायसन असलेली आमच्यात ती एकटीच.

दोष खरंच कुणाचा होता, ते कळायला आधी बॅटरी कशी चालते ते समजून घेऊ.

बॅटरी म्हणजे गाडीचं पासबुक. गाडी चालू असताना इंजिनवर फिरणारा अल्टरनेटर त्यात वीज जमा करतो. गाडी बंद झाली की जमा थांबते, पण खर्च थांबत नाही. घड्याळ चालू असतं, दाराचं रिमोट लॉक जागं असतं, गाडीतला छोटा संगणक आपली आठवण राखत असतो. बहुतेक गाड्यांत हा खर्च २० ते ५० मिलिअँपिअर असतो. दिसायला किरकोळ, पण रात्रंदिवस चालणारा.

हिशेब करू. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ एएचची असते. म्हणजे एक अँपिअर वीज ३५ तास पुरेल एवढा साठा. ३० मिलिअँपिअर खर्च धरला तर दिवसाला पाऊण एएचच्या आसपास जातात, महिन्याला एकवीस-बावीस. निम्म्याहून जास्त शिल्लक संपली! छतातला ५ वॅटचा दिवा चालू राहिला तर दिवसाला दहा एएच जातात, म्हणजे तीन-चार दिवसांत खातं रिकामं. शिवाय काहीच जोडलेलं नसलं तरी बॅटरी आपली आपण थोडी उतरतेच. उन्हाळ्यात जास्त.

आणि उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो. मग कितीही चार्ज करा, पहिल्यासारखी भरत नाही. म्हणून ‘लागेल तेव्हा बघू’ हे इथं महागात पडतं.

आता आमच्या गाडीचं. गेल्या पावसाळ्यात नवी बॅटरीही तशीच उतरली, आणि तेव्हा तर गाडीला कुणी हात लावला नव्हता. मग गॅरेजच्या इलेक्ट्रिशियन दादांना बोलावलं. त्यांनी बॅटरीची मायनसची वायर काढून मधे मीटर लावला. बंद गाडी १०० मिलिअँपिअर खात होती! एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा हलेना. शेवटी सापडलं. आधीच्या मालकानं बसवलेल्या टेपची वायर थेट बॅटरीला जोडलेली होती. किल्ली काढली तरी टेप आतून जागाच. दिवसाला २.४ एएच म्हणजे दोन आठवड्यांत सगळा साठा संपणार. दादा म्हणाले, ‘‘ताई, पहिली बॅटरी चार्ज करून तपासली असती तर कदाचित वाचली असती.’’

म्हणजे वहिनींचा काडीचा दोष नव्हता. आम्हाला माहिती नव्हती, आणि माहिती नसली की माणूस माणसावर बोट ठेवतो.

आता काय करायचं ते ऐका. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिलं, गाडी लावताना. हेडलाइट, छतातला दिवा, डिकीचा दिवा बंद आहे ना ते पाहायचं. दारं आणि डिकी घट्ट लागली पाहिजेत, अर्धवट दार राहिलं तरी दिवा जळतो. मोबाइलचा चार्जर काढून ठेवायचा. बाहेरून बसवलेला टेप, कॅमेरा असेल तर तो किल्लीबरोबर बंद होतो का, ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्यायचं.

दुसरं, आठवड्यातून एकदा गाडी रस्त्यावर न्यायची. निदान अर्धा तास. जागेवर पाच मिनिटं घरघर करून बंद केली, तर आठवड्याचा खर्च भरून निघत नाही. बाजाराचा दिवस ठरवून टाका, बाजारही होतो आणि चार्जिंगही. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो.

तिसरं, गाडी तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर मायनसची वायर काढून ठेवायची. बऱ्याच गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी काचा वर करा, किल्ली हातात ठेवा. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी काढा, मंगळसूत्र पदरात खोचा. धातू एकीकडे प्लसला आणि दुसरीकडे गाडीच्या पत्र्याला टेकला तर क्षणात लालभडक होतो. म्हणूनच काढताना आधी मायनस काढायचा आणि जोडताना मायनस शेवटी जोडायचा. काढलेली वायर कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. पुन्हा जोडल्यावर घड्याळ लावावं लागेल. बटणानं चालू होणारी नवी गाडी असेल तर आधी तिचं पुस्तक वाचा किंवा गॅरेजला विचारा.

चौथं, मीटर. काही शे रुपयांत मल्टिमीटर मिळतो, गटात एक असावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजायची. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी, चार्जरला लावायची वेळ झाली. १२ च्या खाली गेली तर थांबूच नका. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ दिसला पाहिजे. नाही दिसला तर बॅटरी नव्हे, चार्जिंगच बिघडलं आहे.

पाचवं, साफसफाई. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर वायरी काढून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा, वायरी जोडून वर व्हॅसलिनचा हात फिरवा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर आतलं पाणी खुणेपर्यंत आहे का ते बघा. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, हंड्यातलं नाही. आत ॲसिड असतं, चार्जिंगच्या वेळी पेट घेणारा वायूही निघतो. म्हणून काडी, विडी जवळ नको, लेकरं लांब ठेवा.

एवढं करूनही बॅटरी उतरलीच तर? गिअरची गाडी धक्क्यानं चालू होते. किल्ली फिरवून ठेवायची, क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचा, गाडीनं वेग घेतला की क्लच सोडायचा. उतारावर धक्का देऊ नका, इंजिन चालू होईपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंग जड असतं. दुसऱ्या गाडीची मदत घेत असाल तर दोन्ही गाड्या बंद ठेवा. लाल वायर आधी आपल्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. त्यांची गाडी चालू करा, थोड्या वेळानं आपली. काढताना बरोबर उलट क्रम. मोठ्या ट्रकला बहुधा २४ व्होल्ट असतात, तिथून कधीच जोडू नका.

अडीनडीला, कुणी आजारी असेल तर गाडीशी झटत बसायचं नाही. आधी १०८ ला फोन करायचा, मग दुसरा उपाय.

आता आमच्या गटाच्या रजिस्टरमध्ये एक पान गाडीचं आहे. दर सोमवारी दोघीजणी, पाळी लावून, मीटर लावतात, आकडा लिहितात, सही करतात. गेल्या सोमवारचा आकडा होता १२.६. त्या पानाच्या आधीच्या पानावर बैठकीचा एक ठराव आहे: वहिनींवर विनाकारण दोष ठेवला, गट त्यांची माफी मागतो. खाली सगळ्या बारा जणींच्या सह्या आहेत. किल्ली पुन्हा वहिनींच्या कमरेला आहे, आणि आणखी दोघी त्यांच्याकडून गाडी शिकताहेत.

तुमच्या दारात गाडी उभी असेल तर आज संध्याकाळी एकदा दारं-दिवे बघून या. येते मी. रामराम.