वाघ आला ती वाट

28 एप्रिल 1819. मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याच्या डोंगरात हिंडत होता. वाघूर नदीच्या वळणावर, झाडोऱ्याआड, त्याला एका लेण्याची कमान दिसली आणि अजिंठा जगाला पुन्हा माहीत झाला. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तिच्यातली लेणी लक्षात राहतात, वाघ मात्र आपण विसरतो. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात वाघाची शिकार करायला लोक येत असत, एवढे तिच्यातून नक्की कळते. पुढे तो वाघ नाहीसा झाला.

मार्च 2021 मध्ये तो परत दिसला. गौताळा औट्रमघाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्याने एका वाघाचे छायाचित्र टिपले. दोन वाघांच्या अंगावरचे पट्टे कधी सारखे नसतात. त्यामुळे पट्टे जुळवून पाहिले, तेव्हा हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला असल्याचे कळले. टिपेश्वर ते गौताळा हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात जाते. वाघ काही सरळ रेषेत चालत नाही. त्याआधी 2019 मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक तरुण वाघ, ज्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता, असाच भटकत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता.

हे वाघ एवढे का चालतात? वयात आलेल्या नराला स्वतःचा मुलूख लागतो. जन्मस्थानी मोठे वाघ त्याला टिकू देत नाहीत. मग तो रात्री चालतो आणि दिवसा नाल्यात, ओढ्याकाठच्या झुडपात, कधी उभ्या पिकात दडून राहतो. त्याला नकाशावरची अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. त्याला हवी असते आडोशाची सलग वाट.

आता आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला बुलढाण्याकडे ज्ञानगंगा, पश्चिमेला कन्नड आणि चाळीसगावच्या बाजूला गौताळा. या दोहोंच्या मध्ये अजिंठ्याची डोंगररांग पसरली आहे आणि तिच्या कुशीत सिल्लोड व सोयगाव तालुक्यांची गावे आहेत. म्हणजे सिल्लोडकर मंडळी दोन अभयारण्यांच्या मधल्या उंबरठ्यावरच राहतात. ही रांग पाणीही वाटते. तिच्या उत्तरेला उतरलेले वाघूरचे पाणी तापीतून अरबी समुद्रात जाते, तर दक्षिणेला उतरलेले पूर्णेचे पाणी गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात.

गौताळ्याला अभयारण्याचा दर्जा 1986 मध्ये मिळाला. क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर. जंगल पानगळीचे; साग, सालई, धावडा, खैर, अंजन, पळस ही त्यातली मुख्य झाडे. बिबट्या, रोही, चिंकारा, रानडुक्कर आणि मोर यांचे हे घर आहे. सिल्लोडहून पिशोरमार्गे कन्नड गाठले की अभयारण्य दूर नाही. श्रावणात धबधबे पाहायला गर्दी लोटते. पण जंगल समजून घ्यायचे असेल तर हिवाळ्यात जावे. गवत सुकू लागते, पाणवठे ठळक होतात आणि ओल्या मातीत पावलांचे ठसे वाचता येतात. पितळखोऱ्याची प्राचीन लेणी, अंतूरचा किल्ला आणि चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी ही ठिकाणे याच डोंगरात आहेत.

असा पेच आपल्याआधी इतरांनीही अनुभवला आहे. भूमध्य समुद्राकाठच्या इटलीचे उदाहरण घेऊ. आपल्याकडचे पर्यटक तिथे रोम आणि व्हेनिस पाहून परततात. रोमपासून मोटारीने दोन-अडीच तासांवर अब्रुझ्झोचे राष्ट्रीय उद्यान आहे. 1922 मध्ये त्याची स्थापना झाली. उद्यानात गावे आहेत, शेते आहेत, मेंढ्यांचे कळपही आहेत. काही दऱ्यांमध्ये मोटार बाहेर ठेवून पायीच जावे लागते. आपल्याला हे नवे नाही; अजिंठ्यालाही फर्दापूरजवळ गाडी ठेवून पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते.

1970 च्या सुमारास संपूर्ण इटलीत जेमतेम शंभर लांडगे उरले होते. 1971 मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. मग तरुण लांडगे अपेनाइन पर्वताच्या रांगेने उत्तरेकडे सरकत गेले आणि 1992 मध्ये फ्रान्समधील मेरकांतूर उद्यानात दिसले. कोणी त्यांना पिंजऱ्यातून नेऊन सोडले नव्हते. वाट शिल्लक होती म्हणून ते पोहोचले. आज इटलीत तीन हजारांहून अधिक लांडगे असल्याचा अंदाज आहे.

मेंढपाळांनी हे सुखासुखी स्वीकारले असे नाही. मेंढी मेली की राग येणारच. तिथे कळपाबरोबर मोठी पांढरी राखणदार कुत्री ठेवण्याची जुनी रीत आहे. अस्वलांपासून मधपेट्या वाचवण्यासाठी झटका देणारे, पण जीव न घेणारे कुंपण वापरतात.

आपल्याकडे मक्याच्या शेतात रानडुकरे आणि रोही रात्रीत नासाडी करतात, हे दुःख खरे आहे. पण तारेत थेट वीज सोडली तर डुकराबरोबर बिबट्या मरतो, वाघ मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. बॅटरीवर चालणारे झटका मशीन हा त्याहून शहाणा मार्ग आहे. जनावर मारले गेले तर ते जागेवरून हलवू नये, त्यावर विष टाकू नये. 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा, म्हणजे भरपाईचा हक्क शाबूत राहतो. कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या पडतो. कठडा बांधला तर आपली लेकरेही सुरक्षित राहतात.

पाहुण्यांसाठीही काही पथ्ये आहेत. जंगलात विडी-सिगारेट आणि चूल नको, कारण फेब्रुवारीनंतर एक ठिणगी सारा डोंगर पेटवते. वन विभाग जाळरेषा काढतो ती याच भीतीने. घाटात रात्री गाडी हळू चालवावी. फर्दापूर आणि कन्नडचे दोन्ही घाट ही डोंगररांग आडवी कापतात. प्राण्यांना रस्ता ओलांडायचा असतो तो तिथेच. माकडांना खाऊ घालू नये, प्लास्टिक परत आणावे.

अभयारण्याची राखण सरकारी कर्मचारी करतील. मधल्या वाटेवर मात्र कोणाचा पहारा नसतो. ती वाट आपल्या बांधावरून, ओढ्यावरून आणि पडीक गायरानातून जाते. ओढ्याकाठची झाडी तोडायची की राखायची, हा निर्णय गावानेच करायचा आहे. पुढचा तरुण वाघ पूर्वेकडून येईल, तेव्हा त्याला गौताळा गाठता येईल की नाही, हे त्यावर ठरेल.