पत्र्याच्या डबीतली कॉइल

जुना मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टर उघडला की बोर्डावर चार चौकोनी, चकचकीत डब्या दिसतात. प्रत्येकीची बाजू 10 मिलिमीटर, छोट्या संचांत तर 7च. माथ्यावर भोक आणि भोकात रंग लावलेला, खाच पाडलेला फेराइटचा गाभा. लाल ती ऑसिलेटर कॉइल. पिवळी, पांढरी आणि काळी या अनुक्रमे पहिली, दुसरी आणि तिसरी आयएफटी, म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर. सर्किटचा कागद हाताशी नसला तरी रेडिओ मेकॅनिक या रंगांवरून सिग्नलची वाट ओळखतो.

या डब्यांमागची कल्पना पहिल्या महायुद्धातली. अमेरिकी सैन्यात असलेल्या एडविन आर्मस्ट्राँगने 1918 मध्ये पॅरिसमध्ये सुपरहेटरोडाइन रिसीव्हरची रचना मांडली. स्टेशन कोणतेही असो, ते आधी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणायचे आणि मगच वाढवायचे. पुणे आकाशवाणी 792 किलोहर्ट्झवर लावली की लाल डबीतला ऑसिलेटर 1247वर चालतो. मुंबईची अस्मिता 558वर लावली की 1013वर. फरक दोन्ही वेळा 455 किलोहर्ट्झ. पुढच्या तीन डब्यांना या एकाच आकड्याची चाकरी करायची असते.

डबी उचकटून पाहिली तर कारागिरी थक्क करते. मधोमध फेराइटची इवलीशी रीळ, तिच्यावर केसासारख्या बारीक एनॅमल तारेचे वेढे, वरून आट्यांवर फिरणारी फेराइटची टोपी (माथ्यावर दिसणारा रंगीत गाभा तो हाच) आणि तळाच्या प्लॅस्टिकमध्ये दडवलेला कपॅसिटर. 180 पिकोफॅरडचा कपॅसिटर असेल तर 455 किलोहर्ट्झसाठी सुमारे 680 मायक्रोहेन्रीची कॉइल लागते. टोपी खाली गेली की इंडक्टन्स वाढतो, वर आली की घटतो.

पण खरे कौतुक पत्र्याचे. आयएफच्या दोन टप्प्यांत सिग्नल हजारो पटींनी वाढतो आणि शेवटची कॉइल पहिलीपासून दोन-तीन सेंटिमीटरवरच असते. तिच्या चुंबकीय क्षेत्राचा अंश जरी मागे पहिलीत शिरला, तरी अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच ऑसिलेट होतो आणि स्पीकरमधून शिट्टी येते. क्षेत्र पत्र्यावर आदळले की पत्र्यात भोवरा प्रवाह फिरू लागतात, त्यांचे क्षेत्र मूळ क्षेत्राला विरोध करते आणि बाहेर फारच थोडे उरते. हे संरक्षण फ्रिक्वेन्सीनुसार बदलते. 455 किलोहर्ट्झला तांब्यातला प्रवाह जेमतेम 0.1 मिलिमीटर खोलीपर्यंत शिरतो, 10.7 मेगाहर्ट्झला 0.02. घरच्या विजेच्या 50 हर्ट्झला मात्र ही खोली 9 मिलिमीटरच्या पुढे जाते. म्हणून रेडिओ फ्रिक्वेन्सीला कागदासारखा पत्रा पुरतो; मेन्सच्या गुणगुणीपुढे तोच पत्रा निकामी ठरतो.

या संरक्षणाची किंमतही मोजावी लागते. जवळ आलेला धातू कॉइलचा इंडक्टन्स आणि गुणवत्ता, म्हणजे क्यू, दोन्ही कमी करतो. फेराइटची टोपी बहुतेक क्षेत्र स्वतःकडे खेचून घेते, त्यामुळे इतक्या लहान डबीतही नुकसान आवाक्यात राहते. तरीही डबी काढून जुळवलेली कॉइल डबी चढवताच सरकते. माझ्या मते डबीला आवरण समजणे चूकच. ती कॉइलचाच भाग आहे. तिचे दोन्ही कान अर्थला सोल्डर व्हायलाच हवेत. भोवरा प्रवाह अर्थशिवायही वाहतात, पण विद्युत क्षेत्र अडवायला अर्थ लागतो. मोकळी सोडलेली डबी आजूबाजूच्या भागांना कपॅसिटरच्या पाटीसारखी जोडून देते.

जुळणी करायची तर काळ्या डबीपासून सुरुवात करून पांढरी, मग पिवळी असे मागे यायचे. सिग्नल जेमतेम ऐकू येईल इतकाच ठेवायचा, नाहीतर एजीसी, म्हणजे आवाज आपोआप सारखा राखणारी व्यवस्था, कमाल बिंदू झाकून टाकते. स्टीलचा स्क्रू ड्रायव्हर इथे नको. तो लोहचुंबकीय, त्यामुळे खाचेत असताना एक आकडा आणि काढल्यावर दुसरा. शिवाय ठिसूळ फेराइट तडकतो. प्लॅस्टिकचा किंवा तासलेल्या बांबूचा पाना घ्यावा. गाभा फिरवूनही काहीच बदलत नसेल, तर तळातला कपॅसिटर गेला असे समजून तो काढावा आणि बोर्डाखाली बाहेरून नवा लावावा.

अशा कॉइलींचे जगभर माहीत असलेले नाव जपानच्या टोकोचे. ब्रिटनमधल्या कमी शक्तीवर बोलणाऱ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ मंडळींनी, विशेषतः जॉर्ज डॉब्ज यांनी 1974 मध्ये स्थापन केलेल्या जी-क्यूआरपी क्लबच्या सभासदांनी, टोकोच्या केएएनके 3333 आणि 3334 या डब्या असंख्य सर्किटांत वापरल्या. पहिली 45 मायक्रोहेन्रीची, दुसरी साडेपाचची. पुढे सिरॅमिक फिल्टर आले, मग सगळे काम एका चिपमध्ये करणारे रेडिओ आले, आणि हाताने जुळवायच्या डबीची गरज आटली. टोको कंपनी 2014 मध्ये मुराताच्या ताब्यात गेली.

तेव्हा घरातला बंद ट्रान्झिस्टर भंगारात देण्याआधी या डब्या काढून घ्या. आधी दोन कानांचे सोल्डर शोषून घ्या, मग पाच पायांचे; ओढाताण केली तर आतली बारीक तार तुटते. मल्टिमीटरवर प्रत्येक वाइंडिंगची सलगता तपासा आणि रंगांनुसार वेगळ्या ठेवा. एफएम संचातली 10.7 मेगाहर्ट्झची डबी तर हॅमच्या 7 मेगाहर्ट्झ बँडवरही चालते. एकूण कपॅसिटन्स सुमारे सव्वादोन पट होईल इतका कपॅसिटर बाहेरून जोडला की झाले.