मागच्या अंगणातली खोली : भावाच्या आधीचे तीन प्रश्न

आजचा विषय साधा दिसतो. घराच्या मागं जागा पडली आहे, तिथं एक खोली, मोरी आणि संडास काढायचा तर किती खर्च येईल? नागपूरच्या जुन्या लेआउटांमध्ये हा प्रश्न घरोघरी आहे. कुठं मुलगा पुण्याहून परत येणार असतो, कुठं आईला जिना चढवत नाही, कुठं पेन्शनला किरायाची जोड हवी असते. आपण लगेच चौरस फुटाचा भाव विचारतो. आम्ही म्हणू, भाव हा चौथा प्रश्न आहे.

पहिला प्रश्न : ती जागा खरंच रिकामी आहे का? वैशेषिक दर्शनाच्या नंतरच्या परंपरेत अभाव हाही एक पदार्थ मानला आहे. म्हणजे ‘नसणं’ हीसुद्धा गणनेत घ्यायची गोष्ट. मागचं अंगण तसंच आहे. तिथं काही नाही, कारण नकाशा मंजूर होताना तिथं काही नसावं असं ठरलं होतं. यालाच सामासिक अंतर म्हणतात. चटईक्षेत्र शिल्लक असलं म्हणजे या अंतरात बांधता येतं, असं नाही. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकीकृत नियमावलीत ही अंतरं भूखंडाच्या आकारानुसार आणि रस्त्याच्या रुंदीनुसार ठरतात. भूखंड नासुप्रच्या लीजवर असेल, किंवा 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेला असेल, तर ते कागद आधी काढा. मंजूर नकाशा घेऊन आर्किटेक्टकडे जा आणि मगच मिस्त्रीकडे.

दुसरा प्रश्न जमिनीचा. आपल्याकडे बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ राहिला तर भिंती तडकतात. म्हणून आधी एक खड्डा खणून मुरूम किती खाली लागतो ते बघावं. नवी खोली जुन्या भिंतीला चिकटवू नये. जुनं घर बसून गेलेलं असतं, नवं अजून बसायचं असतं, आणि भेग नेमकी जोडावर पडते.

तिसरा प्रश्न सांडपाण्याचा. चेंबर बहुधा समोरच्या रस्त्यावर. साठ फुटांमागं एक फूट उतार धरला, तर साठ फूट लांबीच्या पाइपाचं टोक एक फूट खाली जातं. चेंबर तितकं खोल नसेल तर खोलीचं जोतं उचलावं लागतं. मग ज्या आईसाठी खोली बांधायची, तिच्यापुढं पुन्हा पायऱ्याच!

आता भाव. बारा बाय वीसची खोली म्हणजे 240 चौरस फूट, भिंतींची लांबी 64 फूट. तीस बाय चाळीसचं घर 1,200 चौरस फूट, भिंती 140 फूट. क्षेत्र पाचपट, भिंत जेमतेम सव्वादोनपट. म्हणजे लहान बांधकाम चौरस फुटामागं महागच पडतं. हिशोबापुरता भाव 2,000 रुपये धरू : 4,80,000. त्यात नकाशा, पाइपलाइन, वीज, आणि अरुंद बोळातून विटा डोक्यावर वाहून न्यायची मजुरी, असे 1,20,000 धरा. झाले सहा लाख. भाव 2,000 नव्हे, 2,500 पडला.

किराया महिना 6,000 मानला, एक महिना खोली रिकामी, डागडुजीला 6,000, तर वर्षाला हाती 60,000. तेच सहा लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर 42,000. फरक 18,000 चा. शिवाय बँकेतले पैसे दवाखान्याच्या वेळी काढता येतात. मागची खोली वेगळी विकता येत नाही.

तेव्हा निव्वळ किरायासाठी ग्रॅच्युइटी ओतत असाल, तर आम्ही थांबा म्हणू. आईसाठी बांधत असाल आणि पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं होकारार्थी असतील, तर जरूर बांधा. तिथं 18,000 चा हिशोब मांडायचं कारण नाही. फक्त काम पावसाळा संपल्यावर काढा, आणि जोतं ठरवताना आईला किती पायऱ्या चढवतात ते तिलाच विचारा.