विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास

गाणगापुरात, भीमा-अमरजेच्या संगमाच्या परिसरात, वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा पाषाण. अशा जमिनीत पेट्रोल पंपाची भूमिगत टाकी गंजून झिरपू लागली तर?

पेट्रोल मुरमातून उतरतं आणि भूजलावर मिसळीच्या तर्रीसारखं तरंगतं. तर्री निदान दिसते. खरा उपद्रव पाण्यात विरघळणाऱ्या, कर्करोगकारक बेंझिनचा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराने 1996 मध्ये विहिरी बंद केल्या, त्या पेट्रोलमधल्याच एमटीबीई या दुसऱ्या रसायनामुळे.

तपास सुरू होतो हिशेबाच्या वहीपासून: टाकीतला साठा मोजायचा, विक्रीशी ताळा पाहायचा. मग मातीतल्या वायूचे नमुने आणि निरीक्षणासाठी विंधनविहिरी. एका रेषेत नसलेल्या तीन विहिरींची पाणीपातळी मोजली की भूजलाच्या वाहण्याची दिशा कळते. बेसाल्टमध्ये मात्र हे गणित फसू शकतं. तिथे पाणी भेगांतून धावतं. शेजारची विहीर स्वच्छ आणि लांबची नासलेली, असंही घडतं. शिवाय पातळी पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात उतरते, आणि तवंग मधल्या साऱ्या मुरमाला माखत राहतो. म्हणूनच टाकी बदलल्यावरही पुढच्या पावसात पाण्याला पुन्हा वास येऊ शकतो.