कागदाचे पान आणि तळहाताचा पडदा

राज्य शासनाचे निर्णय संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतात, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु मनमाड जंक्शनवर गाडीची वाट पाहणारा शिक्षक वा विद्यार्थी ते वाचतो मोबाइलवर. ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर, पडद्याची जेमतेम ७; साहजिकच अक्षर एक तृतीयांश होते. मोठे करावे, तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो आणि शिष्यवृत्तीची अट नजरेतून सुटते. १९९३ साली आलेल्या पीडीएफचा हेतूच मुळी पान जसेच्या तसे राखण्याचा. युनिकोडमधील साधा मजकूर मात्र पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी मांडतो. छपाईसाठी पीडीएफ खुशाल असावी; सोबत हा मजकूरही द्यावा. जो निर्णय धड वाचताच येत नाही, तो प्रसिद्ध झाला असे कसे म्हणावे?