बलराज साहनी यांच्या काही भूमिका

एखाद्या नटाचे उत्तम चित्रपट कोणते, असे विचारले की लोक नावे सांगू लागतात आणि नावांवरून वाद सुरू होतो. बलराज साहनींच्या बाबतीत तसा वाद फारसा होत नाही. 'दो बीघा जमीन', 'काबुलीवाला' आणि 'गर्म हवा' ही तीन नावे बहुतेक जण घेतात, आणि विषय तिथेच मिटतो. मला मात्र या तीन नावांपाशी थोडे थांबावयाचे आहे. लाहोरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन एम. ए. झालेला, सुटाबुटात सहज वावरणारा हा गृहस्थ. त्याने कर्जात बुडालेला शेतकरी उभा करावा आणि तो आपल्याला खरा वाटावा, हे घडले तरी कसे? मी स्वतः कॉलेजात शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच सतावतो. आम्हा शिकलेल्या मंडळींना गरिबांविषयी बोलता पुष्कळ येते. पण त्यांच्यासारखे चालून दाखवा म्हटले तर आमची फजिती होईल.

साहनींचा जन्म १ मे १९१३ रोजी रावळपिंडीस झाला. शिक्षण संपल्यावर ते एका जागी फार दिवस टिकले नाहीत. शांतिनिकेतनात त्यांनी शिकवण्याचे काम केले. तिथे खुद्द रवींद्रनाथांनी त्यांना, तुम्ही आपल्या पंजाबीत का लिहीत नाही, असे विचारले होते. पुढे काही काळ ते आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला 'नई तालीम'च्या कामात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते लंडनला बी.बी.सी.च्या हिंदुस्तानी विभागात निवेदक झाले. म्हणजे पडद्यावर दिसण्यापूर्वी हा माणूस रेडिओवर ऐकू येत होता, बरं का! माझी अशी समजूत आहे की त्यांच्या बोलण्यातला तो शांत, कुठेही न ओरडणारा सूर ध्वनिक्षेपकासमोर बसूनच तयार झाला असावा. नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागतो. रेडिओवर बोलणाऱ्यासमोर एकच माणूस असतो, आणि तोही जवळ बसलेला.

मुंबईला परतल्यावर ते 'इप्टा' या नाट्यसंस्थेत आले. १९४६ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावर 'धरती के लाल' काढला. त्यात साहनी होते आणि त्यांच्या पत्नी दमयंतीही होत्या. पुढच्याच वर्षी दमयंतीबाई गेल्या. नंतरची काही वर्षे साहनींना घरच्या दृष्टीने आणि धंद्याच्या दृष्टीनेही कठीण गेली. १९५१ च्या 'हलचल'ची हकीकत तर एखाद्या प्रहसनात शोभावी अशी आहे. चित्रपटात त्यांना काम होते तुरुंगाधिकाऱ्याचे. आणि राजकीय चळवळीपायी ते स्वतःच त्या वेळी तुरुंगात होते! परवानगी काढून त्यांना चित्रणासाठी आणीत आणि काम झाले की परत कोठडीत नेत. त्याच साली गुरुदत्तच्या 'बाजी'ची पटकथा त्यांनी लिहिली, आणि त्याच साली झिया सरहदींच्या 'हम लोग'मध्ये त्यांना मोठी भूमिका मिळाली. कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की अंग लाकडासारखे ताठ होई, हे त्यांनी आपल्या आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. अशी कबुली देणारे नट थोडे. ही ताठरता ध्यानात ठेवा, कारण पुढे जे झाले ते तिच्यामुळे समजते.

बिमल रॉय 'दो बीघा जमीन' (१९५३) काढीत होते. मूळ कथा सलील चौधरींची. शंभू महतो नावाचा शेतकरी. जमीनदाराला गिरणीसाठी त्याची दोन बिघे जमीन हवी असते. शंभूच्या हिशेबाने कर्ज पासष्ट रुपये. जमीनदाराच्या वहीत ते निघते दोनशे पस्तीस. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देते आणि शंभू पैसे मिळवण्यासाठी कलकत्त्याला जातो. या कामासाठी साहनी भेटायला गेले ते उंची सूट घालून. बिमलबाबूंनी त्यांना पाहिले आणि आपल्या माणसांची काहीतरी चूक झाली, तुम्ही या भूमिकेला चालणार नाही, असे तोंडावर सांगितले. 'धरती के लाल'मधला शेतकरी मीच केला होता, हे साहनींनी सांगितल्यावर बिमलबाबूंचे मन फिरले.

मग तयारी सुरू झाली. मुंबईत जोगेश्वरीला उत्तरेकडून आलेल्या भय्या लोकांची, म्हशी पाळणाऱ्यांची वस्ती होती. तिथे जाऊन हे लोक बसतात कसे, मुंडासे कसे बांधतात, चालतात कसे, हे ते पाहत राहिले. कलकत्त्यात ते हातरिक्षा ओढायला शिकले. तापलेल्या डांबरी रस्त्यावर, अनवाणी. त्याच वेषात एका पानवाल्याकडे त्यांनी भारी सिगारेटचे पाकीट मागितले, तर तो यांना हाकलायला निघाला. नोट दाखवली तेव्हा ती नीट तपासूनच त्याने पाकीट दिले. सुटातल्या साहनींवर असा प्रसंग कधी आला नसता.

पण एवढे करूनही त्यांचा धीर सुटला. आपल्याला हे काम जमत नाही, असे वाटून ते एकीकडे बसून राहिले. जवळच बिहारकडचा एक वयस्क रिक्षावाला होता. हे काय चालले आहे, असे त्याने विचारले. साहनींनी त्याला चित्रपटाची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्याचीही थोडी जमीन जमीनदाराकडे गहाण पडलेली होती आणि ती सोडवण्यासाठीच तो वर्षानुवर्षे रिक्षा ओढीत होता. ही तर माझीच गोष्ट, असे म्हणत तो निघून गेला. साहनी लिहितात की त्यानंतर अभिनयकलेविषयीचा विचार आपण सोडून दिला आणि त्या माणसालाच आपल्या अंगात घेतले.

आता यातला एक प्रसंग आपण पाहाच. शंभूच्या रिक्षात गिऱ्हाईक बसले आहे, आणि पुढची गाडी गाठायची म्हणून जास्त पैशांचे आमिष दाखवून ते त्याला आणखी जोरात पळायला लावते. शंभू पळतो. शेवटी चाक निखळते आणि तो कोसळतो. हा चित्रपट मी माझ्या वडिलांबरोबर घरी टेलिव्हिजनवर पाहिला. तरुणपणी त्यांनी बार्शीच्या बाजारपेठेत हातगाडी ओढली होती. चित्रपटाविषयी ते एरवी काही बोलत नसत. या प्रसंगाला मात्र ते पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "ह्याला दम लागलाय बघ. तोंडानं लागलेला दम न्हाई हा, पोटातनं लागलाय." मी म्हटले, "दादा, हे गृहस्थ एम. ए. होते, माझ्यासारखे." ते माझ्याकडे बघून नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ मी त्यांना विचारला नाही.

या चित्रपटाला १९५४ साली कान येथील महोत्सवात आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. शंभूच्या म्हाताऱ्या बापाचे काम नाना पळशीकरांनी केले आहे, हे मराठी वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते. शेवटी जमीन जाते, तिथे गिरणी उभी राहते. शंभू कुंपणाजवळ वाकून मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी त्याला ती टाकायला लावतो. साहनींनी इथे चेहऱ्याने जवळजवळ काहीच केलेले नाही. मूठ उघडते, एवढेच.

यानंतर त्यांना कामाची ददात पडली नाही. अमिय चक्रवर्तींच्या 'सीमा'त (१९५५) नूतनसमोर अनाथाश्रम चालवणारे अशोकबाबू त्यांनी केले. चित्रपट नूतनचा आहे, आणि साहनी तो तिचाच राहू देतात. त्या काळच्या नायकांना हे सहसा साधत नसे.

हृषीकेश मुखर्जींच्या 'अनुराधा'कडे (१९६०) मात्र लोकांचे दुर्लक्ष होते असे मला वाटते. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले होते, संगीत रविशंकरांचे होते, तरी साहनींच्या यादीत त्याचे नाव मागेच राहते. गावात राहून गरिबांची सेवा करणारा डॉक्टर, आणि त्याच्यासाठी गाणे सोडून आलेली त्याची बायको, लीला नायडू. डॉक्टर वाईट माणूस नाही, आणि खरी अडचण तीच आहे. तो रोग्यांच्या घरी धावतो, रात्री पुस्तकात डोके घालतो, आणि बायको काही सांगू लागली की त्याचा हुंकार एक क्षणभर उशिरा येतो. तो उशीर साहनींनी इतका अचूक धरला आहे की पाहताना मी अस्वस्थ झालो. आमच्या घरीही परीक्षेचे पेपर तपासण्याचे दिवस असतात! सज्जन माणसाकडून होणारा अन्याय दाखवणे खलनायकी करण्यापेक्षा अवघड, कारण प्रेक्षक आपल्याला माफ करायला आधीच तयार बसलेला असतो.

१९६१ चा 'काबुलीवाला' रवींद्रनाथांच्या कथेवरून बिमल रॉय यांनी काढला. दिग्दर्शन हेमेन गुप्तांचे. कलकत्त्याच्या गल्ल्यांतून सुकामेवा विकणारा पठाण रहमत आणि मिनी नावाची छोटी मुलगी. तुम्ही म्हणाल, शांतिनिकेतनात राहिलेल्या माणसाला रवींद्रनाथांची कथा सोपीच असणार. कथा माहीत असणे निराळे; पण इथे त्यांच्या उपयोगी पडली असेल तर रावळपिंडी. सरहद्दीकडच्या लोकांची बोलण्याची आणि बसण्या-उठण्याची ढब त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असणार. शंभूच्या वेळी जे शिकावे लागले ते इथे त्यांना आठवायचे होते. रहमतचे अंग मोठे आहे, आणि हे मोठे अंग एका लहान मुलीसमोर कसे ठेवावे हे त्याला कळत नाही. तो वाकतो, बसतो, झोळीत हात घालतो. तुरुंगातून सुटून तो येतो तेव्हा मिनीच्या लग्नाचा दिवस असतो आणि ती त्याला ओळखत नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात येते की तिकडे मुलुखात आपलीही मुलगी अशीच मोठी झाली असेल. भावनेचा पूर येण्याची ही जागा. दिग्दर्शकाने थोडा येऊ दिला आहेच, पण साहनी काठावरच उभे राहतात.

पुढच्या चित्रपटांविषयी भराभर सांगतो. चेतन आनंदच्या 'हकीकत'मध्ये (१९६४) ते लष्करी अधिकारी आहेत. 'वक्त'मधले (१९६५) लाला केदारनाथ लोकांना फार आवडले. बायकोसाठी गाणे म्हणणारा तो खुशालचेंडू लाला मलाही आवडतो. मात्र भूकंपानंतरचा हंबरडा साहनींच्या स्वभावाचा नव्हे. 'दो रास्ते' (१९६९) हा चंद्रकांत काकोडकरांच्या मराठी कादंबरीवरून निघालेला चित्रपट. त्यात ते सोशिक थोरले भाऊ. पोटासाठी अशी कामे त्यांनी पुष्कळ केली आणि ती नेटकी केली. ती सगळी इथे मोजण्यात अर्थ नाही.

उरला 'गर्म हवा'. एम. एस. सथ्यू यांचा हा चित्रपट इस्मत चुगताईंच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी लिहिला. फाळणीनंतरचे आग्रा शहर. सलीम मिर्झा यांचा जोडे तयार करण्याचा कारखाना. एकेक नातेवाईक पाकिस्तानात निघून जातो आणि सलीम मिर्झा दर वेळी स्टेशनवर पोचवायला जातात. थोरला भाऊ गेला. हवेली त्याच्या नावावर, म्हणून ती सरकारजमा होते. बँक कर्ज देत नाही. भाड्याने घर शोधायला जावे तर नाव ऐकताच नकार मिळतो. म्हातारी आई हवेली सोडायच्या वेळी सरपणाच्या कोठीत लपून बसते.

शंभूच्या भूमिकेत साहनींना निराळ्या माणसाचे शरीर मिळवावे लागले होते. इथे शिकून घ्यावे असे बाहेरचे काही नव्हते. सलीम मिर्झा हा त्यांच्याच वयाचा, त्यांच्यासारखाच सुसंस्कृत आणि मितभाषी माणूस. साहनींचे स्वतःचे गाव फाळणीच्या रेषेपलीकडे राहिले होते. सलीमची माणसे पलीकडे जात होती. शेरवानी, टोपी, हातात काठी, आणि चालणे सावकाश. नकार मिळाला की हा माणूस मान किंचित हलवतो आणि निघतो. शेवटी मुलगी अमीना आत्महत्या करते. बाप तिच्या खोलीत येतो, पाहतो, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. चित्रपटातला अत्यंत करुण क्षण हाच. साहनींची स्वतःची मुलगी शबनम १९७२ साली वारली होती. एवढे ठाऊक असले की तो प्रसंग पाहणे कठीण जाते. ठाऊक नसले तरी पाहणे सोपे नाहीच.

शेवटच्या प्रसंगात हे कुटुंबही पाकिस्तानला जाण्यासाठी टांग्यातून स्टेशनकडे निघालेले असते. वाटेत बेकारांचा मोर्चा लागतो. धाकटा मुलगा सिकंदर, म्हणजे फारुख शेख, खाली उतरून मोर्चात शिरतो. मिर्झासाहेब क्षणभर बघतात. एकट्याने असे किती दिवस जगायचे, अशा अर्थाचे काही बोलून तेही उतरतात आणि बायकोला घरी परत जायला सांगतात. चित्रपटाच्या पहिल्या प्रसंगापासून हा माणूस फलाटावर उभा राहून दुसऱ्यांना निरोप देत आलेला आहे. आता तो गर्दीत चालू लागतो, आणि थोड्या वेळाने आपल्याला दिसेनासा होतो.

या चित्रपटाच्या संवादांचे ध्वनिमुद्रण साहनींनी पुरे केले आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय साठाला थोडे कमी होते. सेन्सॉरच्या अडचणींतून सुटून चित्रपट लोकांसमोर आला तो १९७४ साली. आज तो हातातल्या फोनवरही पाहता येतो. शक्य असेल तर मात्र मोठ्या पडद्यावर पाहा, कारण मिर्झासाहेबांचे चालणे लहान चौकटीत नीट दिसत नाही.